दैनंदिन निर्णय आणि शहाणपणासाठी प्रार्थना : ख्रिस्ती परंपरेतील विवेकविचार

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी स्पष्ट करता येतील :

१. बायबलमध्ये 'शहाणपण' हा शब्द कोणत्या अर्थाने येतो.
२. शहाणपणासाठी प्रार्थना करणे आणि देवाकडून आयते उत्तर मागणे यांतील फरक.
३. संत इग्नेशियस लोयोला यांनी सांगितलेली निर्णयाची पद्धत.
४. या आचरणात होणाऱ्या नेहमीच्या चुका.

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रांनो, एका उदाहरणापासून सुरुवात करू. समजा, तुम्ही बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहात. घरची परिस्थिती बेताची आहे. कॅम्पस मुलाखतीतून महिना अठरा हजारांची नोकरी मिळते आहे आणि त्याच आठवड्यात एम.एस्सी.च्या प्रवेशयादीत तुमचे नाव लागले आहे. वडिलांना वाटते की हाती आलेली नोकरी सोडू नये. शिक्षक म्हणतात, शिक्षण अर्धवट टाकू नका. उत्तर चार दिवसांत कळवायचे आहे.

यातील कोणताही पर्याय वाईट नाही. 'चोरी करू नको' ही आज्ञा स्पष्ट आहे. पण 'नोकरी की एम.एस्सी.?' या प्रश्नाचे उत्तर कोणत्याच धर्मग्रंथात छापलेले नाही. आयुष्यातले बहुतेक निर्णय असेच असतात. अशा वेळी ख्रिस्ती माणूस 'देवा, मला शहाणपण दे' अशी प्रार्थना करतो, तेव्हा तो नेमके काय मागतो आणि मागून झाल्यावर काय करतो, हे आपण या पाठात पाहणार आहोत. तुम्ही स्वतः ख्रिस्ती असाल तर हा तुमच्या आचरणाचा विषय आहे. नसाल तर आपल्या देशातील एका धर्मपरंपरेची विचारपद्धती म्हणून तो समजून घ्या.

१. 'शहाणपण' या शब्दाचा अर्थ

जुन्या करारात शहाणपणासाठी 'होखमा' हा हिब्रू शब्द येतो. तो केवळ विद्वत्तेसाठी वापरलेला नाही. निर्गम या पुस्तकात बसालेल नावाच्या कारागिराची हकिकत आहे. सोने, रुपे, लाकूड आणि दगड यांवर काम करण्याचे त्याचे कसब सांगतानाही हाच शब्द आला आहे. म्हणजे होखमा ही एक प्रकारची हातोटी आहे. सुताराला लाकडाची नस कळते, तशी शहाण्या माणसाला प्रसंगाची नस कळते.

मराठी बायबलमध्ये या शब्दासाठी अनेक ठिकाणी 'ज्ञान' असे भाषांतर आढळते. आज आपण ज्ञान म्हटले की पुस्तकी माहिती समजतो, म्हणून वाचताना थोडी काळजी घ्यावी लागते. वरील उदाहरणात पगार किती आणि फी किती ही माहिती झाली. दोन वर्षांनी कोणत्या क्षेत्रात संधी असतील याचा अंदाज हे ज्ञान झाले. आपल्या घराची गरज, आपला कल आणि आपली भीती या सगळ्यांना योग्य वजन देऊन पाऊल उचलणे हे शहाणपण झाले. चांगले आणि वाईट, तसेच चांगले आणि अधिक चांगले, यांत निवड करण्याच्या या शक्तीला मराठीत 'विवेक' हा नेमका शब्द आहे.

२. बायबलमधील आधार

(अ) शलमोनाची मागणी

राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात शलमोन राजा गिबोन येथे असताना देव त्याला स्वप्नात दर्शन देतो आणि हवे ते मागायला सांगतो. शलमोन दीर्घायुष्य, संपत्ती किंवा शत्रूंचा नाश मागत नाही. लोकांचा न्याय करता यावा म्हणून तो जे मागतो, त्याचा हिब्रूतील शब्दशः अर्थ 'ऐकणारे अंतःकरण' असा होतो. शहाणपणाची सुरुवात बोलण्यात नसून ऐकण्यात आहे, हे येथे लक्षात घ्या.

त्याच अध्यायात एका मुलावर हक्क सांगणाऱ्या दोन स्त्रियांचा प्रसंग येतो. त्या वेळी आकाशवाणी होऊन खरी आई कोण ते कळत नाही. मातेचे मन कसे असते याची समज वापरून शलमोन ते शोधून काढतो. देवाने दिलेले शहाणपण त्याच्या बुद्धीतूनच काम करते. पुढे अकराव्या अध्यायात हाच शलमोन उतारवयात वाट चुकल्याचे सांगितले आहे. शहाणपण ही एकदा मिळाली की कायमची राहणारी ठेव नव्हे. ते रोज मागावे लागते.

(आ) याकोबाचे पत्र

नव्या करारातील याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायात या प्रार्थनेचा मुख्य आधार आहे. ज्याला शहाणपण कमी पडते त्याने ते देवाकडे मागावे आणि देव उदारपणे, कमीपणा न दाखवता देतो, असा त्याचा आशय आहे. 'तुला एवढेही कळत नाही का?' असे देव म्हणत नाही, हा त्यातील दिलासा आहे. हे वचन संकटांविषयीच्या उपदेशाला लागून आले आहे. म्हणून ही मागणी प्रथमतः अडचणीत टिकून राहण्याच्या शहाणपणाची आहे.

याच पत्रातील आणखी दोन मुद्दे आपल्या विषयाला उपयोगी आहेत. तिसऱ्या अध्यायात वरून येणाऱ्या शहाणपणाची लक्षणे दिली आहेत : ते शुद्ध, शांतिप्रिय, सौम्य, दयाळू, पक्षपात न करणारे आणि निष्कपट असते. यांत एक लक्षण असेही आहे की ते दुसऱ्याचे म्हणणे पटवून घ्यायला तयार असते. चौथ्या अध्यायात उद्याच्या व्यापाराचे बेत खात्रीने आखणाऱ्यांना सांगितले आहे की, 'प्रभूची इच्छा असेल तर' अशी जाणीव ठेवून बेत करावेत. बेत करूच नयेत असे तेथे म्हटलेले नाही.

(इ) येशू आणि प्रारंभीची मंडळी

लूकच्या शुभवर्तमानानुसार बारा शिष्य निवडण्याआधी येशूने डोंगरावर रात्रभर प्रार्थना केली. गेथशेमाने बागेत त्याने आपली इच्छा लपवली नाही. हे दुःख टळावे असे त्याने स्पष्ट सांगितले आणि मग पित्याच्या इच्छेला मान दिला. प्रार्थनेत आपल्याला काय हवे ते प्रामाणिकपणे बोलण्यात कमीपणा नाही, हे यावरून दिसते.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात पहिल्या अध्यायात मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून होते. परंतु पंधराव्या अध्यायात यरुशलेमेच्या सभेपुढे मोठा वाद येतो, तेव्हा अनुभव ऐकले जातात, शास्त्राचा आधार पाहिला जातो, चर्चा होते आणि एकत्र निर्णय होतो. तो निर्णय पवित्र आत्म्याचा आणि आपला असा दोघांचा आहे, असे ते पत्रात लिहितात. चर्चा आणि प्रार्थना यांत त्यांना विरोध वाटला नाही.

३. संत इग्नेशियस लोयोला यांची पद्धत

निर्णयाच्या प्रार्थनेचा सर्वांत पद्धतशीर विचार स्पेनमधील संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांनी केला. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळा लागून त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांना येशूचे चरित्र आणि संतांच्या कथा वाचायला मिळाल्या. त्यांना एक गोष्ट जाणवली. शौर्याची आणि दरबारी मानाची स्वप्ने रंगवताना मजा वाटे, पण नंतर मन कोरडे पडे. संतांप्रमाणे जगण्याचा विचार केला की नंतरही आनंद टिकून राही. विचार येताना काय वाटते यापेक्षा तो गेल्यावर मागे काय उरते हे पाहावे, हा त्यांच्या पद्धतीचा पाया ठरला.

पुढे त्यांनी 'आध्यात्मिक साधना' या अर्थाच्या नावाचा ग्रंथ लिहिला. त्याला १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांची मान्यता मिळाली. त्यांनी स्थापन केलेल्या येशूसंघाची महाविद्यालये भारतातही आहेत. मुंबईचे १८६९ मधील सेंट झेवियर्स महाविद्यालय हे त्यांपैकी एक. या ग्रंथातील निर्णयविषयक सूचनांचा सारांश असा :

• निवड दोन चांगल्या किंवा निदान निर्दोष गोष्टींमध्येच असावी. वाईट गोष्ट करावी की नाही हा प्रार्थनेचा प्रश्नच नाही.
• मन तराजूच्या काट्याप्रमाणे मध्यभागी आणावे. पारडे आधीच झुकलेले असेल तर ते मान्य करावे.
• प्रत्येक पर्यायाचे फायदे आणि तोटे मांडून बुद्धीने तोलावेत.
• अनोळखी माणसाने हाच प्रश्न विचारला असता तर त्याला काय सल्ला दिला असता, याचा विचार करावा.
• मरणाच्या वेळी मागे वळून पाहताना आपण काय निवडलेले असावे असे वाटेल, ते पाहावे.
• झालेला निर्णय पुन्हा प्रार्थनेत देवापुढे ठेवावा.
• मन खचलेले असताना, आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलू नये.

४. एक महत्त्वाचा मतभेद

प्रत्येक माणसासाठी नोकरी, जोडीदार, गाव असे सर्व तपशील देवाने आधीच ठरवलेले असतात आणि प्रार्थनेने ते शोधून काढायचे असतात, असे काही ख्रिस्ती लोक मानतात. दुसरा विचार असा की, देवाची नैतिक आज्ञा स्पष्ट आहे. त्या चौकटीत माणसाला निवडीचे स्वातंत्र्य आहे आणि ते शहाणपणाने वापरावे. अमेरिकन लेखक गॅरी फ्रिझेन यांनी १९८० मधील आपल्या पुस्तकात दुसरी बाजू सविस्तर मांडली. हा फरक केवळ पुस्तकी नाही. पहिल्या विचारात 'देवाने ठरवलेली एकच वाट माझ्या हातून चुकली तर?' ही भीती माणसाला पोखरू शकते. दुसऱ्या विचारात देवाशी जिवंत संबंध न ठेवता केवळ हिशेब करण्याचा धोका राहतो.

५. उदाहरणाचा पुन्हा विचार

आता आपल्या उदाहरणाकडे वळू. चार दिवस तुमच्या हातात आहेत.

पहिल्या दिवशी थोडा वेळ शांत बसा. नोकरीचा मोह, शिक्षकांपुढे मान राखण्याची इच्छा, वडिलांना नाही म्हणण्याची भीती, जे असेल ते प्रार्थनेत उघड बोला. मग शहाणपण मागा.

दुसऱ्या दिवशी माहिती गोळा करा. शिष्यवृत्ती मिळते का? प्रवेश पुढच्या वर्षी घेता येईल का? नोकरीचा करार किती वर्षांचा आहे? घरावर कर्ज किती आहे? महाविद्यालयाच्या कार्यालयात एक फेरी मारणे हाही या प्रार्थनेचाच भाग आहे.

तिसऱ्या दिवशी दोन माणसांशी बोला. त्यांपैकी एक तुमच्याशी असहमत होण्याची हिंमत असलेला असावा. अनेकांच्या सल्ल्याने बेत सिद्धीस जातात, असा नीतिसूत्रांचा उपदेश आहे. वडिलांचे म्हणणे मध्येच न तोडता पूर्ण ऐका. कदाचित त्यांनी कधी न सांगितलेली एखादी अडचण कळेल.

चौथ्या दिवशी दोन्ही पर्याय कागदावर मांडा, एक निवडा, तो देवापुढे ठेवा आणि कळवा. पूर्ण खात्री वाटेलच असे नाही. 'हाती असलेल्या माहितीवर, प्रामाणिकपणे, कोणाचे नुकसान न करता मी हे ठरवले,' एवढे म्हणता आले तर पुरेसे आहे. पुढे अडचण आली म्हणजे निर्णय चुकलाच असे समजू नका. योग्य वाटेवरही चढ लागतात.

रोजच्या लहान निर्णयांसाठी चार दिवस नसतात. मित्राने प्रयोगवहीची नक्कल मागितली, तर उत्तर तिथल्या तिथे द्यावे लागते. म्हणून दिवसाची उजळणी करण्याची सवय इग्नेशियस यांनी सांगितली. आज कुठे नीट वागलो, कुठे घसरलो, हे पाहत गेले की ऐन वेळी मन तयार असते.

६. टाळण्याच्या चुका

(अ) बायबल डोळे मिटून उघडणे आणि बोट पडेल ते वचन उत्तर मानणे. संदर्भ तोडलेले वचन काहीही सांगू शकते.

(आ) प्रार्थनेला कष्टाचा पर्याय समजणे. अभ्यास न करता उत्तीर्ण होण्याची मागणी ही शहाणपणाची मागणी नव्हे.

(इ) 'देवाने मला सांगितले' असे म्हणून दुसऱ्यावर निर्णय लादणे. ही सर्वांत घातक चूक आहे. लग्न, पैसा किंवा शिक्षण याबाबत कोणी देवाच्या नावाने तुमच्यावर दडपण आणत असेल, तर याकोबाने दिलेली लक्षणे लावून पाहा. जे सौम्य नाही आणि प्रश्न विचारू देत नाही, ते त्या कसोटीला उतरत नाही. येथे मराठीतील एक उदाहरण आठवण्यासारखे आहे. कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई पतीपाठोपाठ लगेच गेल्या नाहीत. त्यांनी काही वर्षांनंतर, स्वतःच्या विचाराने तो निर्णय घेतला. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांचा हा प्रवास वाचायला मिळतो. दुसऱ्याचा विवेक उसना घेता येत नाही.

(ई) आजार, छळ किंवा टोकाची निराशा असताना केवळ प्रार्थनेवर थांबणे. अशा वेळी डॉक्टरांकडे, समुपदेशकाकडे किंवा विश्वासू माणसाकडे जाणे हेच शहाणपण आहे.

सारांश

शहाणपणासाठी प्रार्थना म्हणजे निर्णयाचे ओझे देवावर टाकून मोकळे होणे नव्हे. आपले मन स्वच्छ करणे, ऐकणे, माहिती घेणे, सल्ला विचारणे, निवड करणे आणि तिची जबाबदारी घेणे ही तिची अंगे आहेत. निर्णय शेवटी माणसाचाच असतो. पण तो घेताना आपण एकटे नाही, हा ख्रिस्ती विश्वास आहे.

स्वाध्याय

१. 'ऐकणारे अंतःकरण' ही कल्पना शलमोनाच्या न्यायाच्या प्रसंगाच्या आधारे स्पष्ट करा.
२. याकोबाच्या पत्रातील शहाणपणाची लक्षणे सांगून त्यांपैकी कोणत्याही दोन लक्षणांचे आजच्या जीवनातील उदाहरण द्या.
३. देवाने प्रत्येक तपशील ठरवलेला असतो आणि माणसाला निवडीचे स्वातंत्र्य असते, या दोन विचारांची तुलना करा.
४. तुमच्यासमोर सध्या असलेला एखादा निर्णय निवडा. इग्नेशियस यांच्या सूचनांपैकी तीन वापरून तो वहीत मांडा.