नुसतं वाचलं, तरी लिहिलं जातं!

मित्रांनो, एक सोपा प्रश्न. तुम्ही कपाटातलं गोष्टीचं पुस्तक काढलंत, वाचलंत आणि परत जागेवर ठेवलंत. पुस्तकात काही बदल झाला का? ‘छे! वाचल्यानं कुठे पुस्तक बदलतं?’ असंच म्हणाल ना? आता हाच प्रश्न संगणकाबद्दल विचारू या. तुम्ही एखादी फाईल उघडून नुसती वाचली, तिच्यातलं एक अक्षरही बदललं नाही. मग डिस्कवर काही लिहिलं गेलं का?

उत्तर ऐकून गंमत वाटेल. गेलं असेल किंवा नसेलही! ते अवलंबून आहे एका छोट्याशा सेटिंगवर. आणि या सेटिंगवरून मोठमोठ्या तज्ज्ञांमध्ये चांगलाच वाद झाला होता, बरं का!

फाईलमागच्या तीन नोंदी

डिस्क म्हणजे एक भलीमोठी कोरी वही समजा. कोणती फाईल कुठल्या पानावर आहे, हे सांभाळणारी जी व्यवस्था, तिचं नाव फाईल सिस्टीम. वाचनालयात जसं ग्रंथपालांचं रजिस्टर असतं, तसंच इथेही असतं. युनिक्स आणि लिनक्स या प्रणालींमध्ये प्रत्येक फाईलसाठी रजिस्टरात एक रकाना असतो. त्याला म्हणतात ‘आयनोड’. फाईल केवढी आहे, कोणाची आहे, ती कोणी वाचायची, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. शिवाय तिथे वेळेच्या तीन नोंदी असतात.

पहिली ‘एमटाइम’, म्हणजे फाईलमधला मजकूर शेवटचा कधी बदलला. दुसरी ‘सीटाइम’, म्हणजे आयनोडमधली माहिती शेवटची कधी बदलली. (पुष्कळांना वाटतं, ही फाईलच्या जन्माची वेळ. तशी ती नव्हे!) आणि तिसरी ‘एटाइम’, म्हणजे फाईल शेवटची कधी वाचली गेली. आपली आजची गोष्ट आहे या तिसऱ्या नोंदीची.

युनिक्सचं काम सुरू झालं १९६९ साली, अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची ही त्यामागची मुख्य मंडळी. त्या काळी एकच संगणक अनेक जण वापरत आणि डिस्कवर जागा अगदी थोडी असे. कोणती फाईल बरेच दिवस कुणी वाचलेली नाही, हे कळलं तर ती हलवून जागा मोकळी करता येते. ग्रंथपाल नाही का, वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेली पुस्तकं वेगळी काढत?

एटाइमचा आणखी एक उपयोग होता. टपाल ज्या फाईलमध्ये साठायचं, तिचा एमटाइम एटाइमच्या नंतरचा असेल, तर त्याचा अर्थ काय? शेवटचं वाचल्यानंतर पेटीत काहीतरी येऊन पडलंय. म्हणजेच नवं पत्र! ही तुलना करून ‘तुम्हाला पत्र आलंय’ असं सांगणारे प्रोग्रॅम पुष्कळ वापरात होते.

एवढीशी नोंद, केवढा खर्च!

मग बिघडलं कुठे? जरा विचार करा. वाचनालयात तुम्ही नुसतं पुस्तक चाळलंत, तरी ग्रंथपाल धावत आले आणि रजिस्टरात वेळ लिहू लागले तर? दिवसभर त्यांना दुसरं कामच उरणार नाही. संगणकाचंही तसंच व्हायचं. प्रत्येक वाचनामागे एक लिहिणं!

हिशेबच करू या. लिनक्समध्ये पुष्कळ ठिकाणी ‘एक्स्ट-फोर’ नावाची फाईल सिस्टीम वापरतात. तिच्यात एक आयनोड सहसा २५६ बाईटचा असतो आणि डिस्कवरचा एक ब्लॉक ४०९६ बाईटचा. म्हणजे एका ब्लॉकमध्ये १६ आयनोड मावतात. एटाइमची नोंद असते इनमिन काही बाईटची. पण ती बदलायची तर अख्खा ब्लॉक पुन्हा लिहावा लागतो. वहीत एक शब्द बदलायचा म्हणून संपूर्ण पान उतरवून काढण्यासारखंच हे!

आता समजा, एखाद्या प्रोग्रॅमनं १०,००० फाईली नुसत्या वाचल्या. त्यांचे आयनोड नीट शेजारी शेजारी असतील, तर ६२५ ब्लॉक पुन्हा लिहावे लागतील. आणि ते इकडे तिकडे विखुरलेले असतील, तर थेट १०,००० ब्लॉक, म्हणजे ४ कोटी ९ लाख ६० हजार बाईट! तेही एक अक्षरसुद्धा न बदलता.

लॅपटॉपमधली फिरती हार्ड डिस्क वीज वाचवायला जरा विसावलेली असते. एवढ्याशा नोंदीसाठी तिला उठावं लागतं. पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डांचं दुखणं वेगळं. त्यांच्यातले कप्पे ठरावीक वेळाच पुसून पुन्हा लिहिता येतात. उगाच लिहीत बसलात, तर त्यांचं आयुष्य उगाच कमी होतं.

२००७ साली इंगो मोल्नार या हंगेरियन तज्ज्ञानं लिनक्सच्या मंडळींसमोर हा विषय जोरात मांडला. एटाइमइतकी वेडगळ कल्पना युनिक्समध्ये दुसरी नसेल, अशा अर्थाचं ते बोलले. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनाही हा खर्च खुपतच होता. पण नोंद एकदम बंद करावी, तर तिच्यावर विसंबलेल्या टपालाच्या प्रोग्रॅमांचं काय?

मधली वाट

डिस्क लिनक्सला जोडण्याच्या क्रियेला ‘माउंट’ करणं म्हणतात. जोडताना आपण काही अटी सांगू शकतो. एटाइमसाठी मुख्य अटी तीन.

‘स्ट्रिक्टएटाइम’ : दर वाचनाला नोंद करा. कडक शिस्त!

‘नोएटाइम’ : वाचनाची नोंद करूच नका.

‘रेलएटाइम’ : ही मधली वाट. व्हॅलरी हेन्सन (पुढे व्हॅलरी ऑरोरा) यांनी ती सुचवली आणि २००७ च्या सुरुवातीला ती लिनक्समध्ये आली. नियम असा, की जुना एटाइम हा एमटाइम किंवा सीटाइमच्या आधीचा किंवा बरोबरीचा असेल, तरच नवी नोंद करा. म्हणजे फाईल बदलल्यानंतरचं पहिलं वाचन तेवढं नोंदायचं. नवं पत्र ओळखायला एवढं पुरतं की नाही! पुढे त्यात एक भर पडली : जुनी नोंद २४ तासांपूर्वीची असेल, तरीही नवी नोंद करा. मग बरेच दिवस न वाचलेली फाईलही ओळखता येते. जून २००९ मध्ये आलेल्या २.६.३० या आवृत्तीपासून लिनक्समध्ये वेगळं काही सांगितलं नाही, तर हाच नियम लागू होतो.

चला, प्रयोग करू

नुसतं सांगितलेलं ऐकू नका, स्वतः पडताळून पाहा. साहित्य : लिनक्स असलेला संगणक, एक जादा पेनड्राइव्ह, वही, पेन्सिल आणि घड्याळ. शिवाय संगणक जाणणारं एखादं मोठं माणूस सोबत हवंच. पेनड्राइव्ह एक्स्ट-फोरसाठी फॉरमॅट करावा लागेल आणि त्यावरचं सगळं पुसलं जाईल. आईबाबांनो, लग्नाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह मुलांच्या हाती देऊ नका हं! आणि मुलांनो, घरच्या मुख्य डिस्कवर हा प्रयोग अजिबात नको.

१. पेनड्राइव्ह पहिल्या अटीवर माउंट करा. १० वाजता त्यावर एक नवी फाईल तयार करा.

२. १० वाजून ५ मिनिटांनी ती वाचा. त्यासाठी सी-ए-टी ‘कॅट’ ही आज्ञा. मग एस-टी-ए-टी ‘स्टॅट’ ही आज्ञा देऊन तिन्ही नोंदी वहीत उतरवा. स्टॅट फक्त रजिस्टर पाहते, फाईलचा मजकूर वाचत नाही. त्यामुळे तिच्यानं एटाइम बदलत नाही.

३. १० वाजून १० मिनिटांनी पुन्हा वाचा, पुन्हा नोंदी उतरवा.

४. १० वाजून १५ मिनिटांनी ‘इको’ आज्ञेनं फाईलच्या शेवटी एक ओळ जोडा.

५. १० वाजून २० मिनिटांनी परत वाचा आणि नोंदी उतरवा.

६. आता पेनड्राइव्ह दुसऱ्या अटीवर माउंट करून, नवी फाईल घेऊन, सगळं पुन्हा करा. मग तिसऱ्या अटीवर. सोयीसाठी आपण दर वेळी १० वाजताच सुरुवात केली असं धरू.

तीन वाचनांनंतर एटाइम असा दिसायला हवा :

स्ट्रिक्टएटाइम : १०.०५, १०.१०, १०.२०
रेलएटाइम : १०.०५, १०.०५, १०.२०
नोएटाइम : १०.००, १०.००, १०.००

मधली ओळ नीट पाहा. १०.१० चं वाचन रेलएटाइमनं सोडून दिलं. पण फाईल बदलल्यावरचं १०.२० चं वाचन मात्र टिपलं!

सांभाळा, फसगत होईल!

प्रयोगात खाचखळगे पुष्कळ आहेत. पेनड्राइव्ह विकत आणल्यावर त्यावर बहुधा ‘फॅट’ कुटुंबातली फाईल सिस्टीम असते. जुन्या फॅटमध्ये शेवटच्या वाचनाची फक्त तारीख राहते, घड्याळाची वेळ नाहीच. तिच्यावर पाच-पाच मिनिटांचा प्रयोग कसा जमणार?

ओळ जोडायला एडिटर वापरलात, तरी गोंधळ. काही एडिटर नवीच फाईल तयार करून तिला जुनं नाव देतात. मग आयनोडही नवा आणि नोंदीही नव्या! खिडकीत फोल्डर उघडं ठेवलंत, तर चित्रांचे छोटे नमुने दाखवायला संगणक स्वतःच फाईली वाचून मोकळा होतो.

सगळ्यांत मजेदार फसगत २४ तासांच्या नियमाची. दिवसभर कोण थांबणार, म्हणून कुणी हुशार ‘टच’ ही आज्ञा वापरून एटाइम दोन दिवस मागे नेतो. मग फाईल वाचतो. एटाइम आजचा होतो! ‘झाला नियम सिद्ध!’ असं तो म्हणतो. पण थांबा. टचनं आयनोडमधली माहिती बदलली, म्हणून सीटाइम झाला आत्ताचा. एटाइम त्याच्या आधीचा, म्हणून नोंद झाली. २४ तासांच्या नियमाची परीक्षा झालीच नाही! उत्तर हवं तसं आलं, पण भलत्याच कारणानं. खरी परीक्षा हवी असेल, तर एक दिवस धीर धरा, नाहीतर मोठ्यांना सांगून संगणकाचं घड्याळ २५ तास पुढे करा आणि मग वाचा.

फाईल कुणी उघडली?

हे सगळं कशासाठी, असं विचाराल. समजा, तुमच्या खासगी डायरीच्या फाईलवर काल दुपारची वेळ दिसतेय. लगेच ताईवर आळ घ्यायचा? फाईल ताईनंच काय, फाईली तपासणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅमनंही वाचली असेल. एटाइम वेळ सांगतो, वाचणाऱ्याचं नाव सांगत नाही. उलटही होऊ शकतं. नोएटाइम असेल, तर शंभर जणांनी वाचलेली फाईलही अगदी न उघडल्यासारखी दिसेल! विंडोजमध्येही २००७ साली आलेल्या व्हिस्टापासून ही नोंद मुळातच बंद ठेवली होती.

म्हणूनच गुन्ह्याचा तपास करणारे तज्ज्ञ जप्त केलेल्या डिस्कवर काही लिहिलं जाणार नाही अशा साधनातून तिची हुबेहूब प्रत काढतात आणि त्या प्रतीवर काम करतात. नुसतं पाहण्यानंही पुरावा बदलू नये, म्हणून ही काळजी. तेव्हा तुम्हीही वेळेची नोंद पाहिलीत, की ती कोणत्या अटीवर झाली ते आधी विचारा. कुणाशी भांडायचं असेल, तर त्यानंतर!

जाता जाता एक कोडं

रेलएटाइमनं माउंट केलेल्या डिस्कवर सोमवारी सकाळी पावणेआठला एक फाईल तयार केली. ती सोमवारी सकाळी ८, सोमवारी संध्याकाळी ६, मंगळवारी सकाळी ७ आणि मंगळवारी सकाळी ९ वाजता वाचली. मध्ये ती कुणी बदलली नाही. प्रत्येक वाचनानंतर एटाइम काय दिसेल? आधी वहीत लिहा, मगच खाली पाहा!

उत्तर : पहिल्या तिन्ही वेळी ‘सोमवार सकाळी ८’. मंगळवारी ७ वाजेपर्यंत २३ तासच झाले होते ना! चौथ्या वेळी २५ तास झाले, म्हणून ‘मंगळवार सकाळी ९’.