करडईला पाणी किती, आणि कधी

डिसेंबर सरत आला होता. मंगळवेढ्याच्या काळ्या शिवारात एकाच बांधाच्या दोन्ही बाजूंना करडई उभी होती. अलीकडच्या रानात हस्ताचा पाऊस उघडल्यावर, वाफसा येताच तिफण चालली होती. तिथली झाडं कमरेला लागत होती, बोंडं धरली होती. पलीकडची पेर नोव्हेंबरात गेलेली. तिथं अजून पोटरीएवढं पीक. विहीर मात्र पलीकडच्याच रानात होती.

करडईचं सोटमूळ मीटरभर आणि त्याहून खोल जातं. पावसाळ्यात मुरलेली ओल हळूहळू खाली सरकते आणि मूळ तिच्या मागे जातं. वेळेवर पेरलं तर ही पाठशिवणी जमते. उशीर झाला की वरची माती आधीच सुकलेली असते, थंडीत रोप जमिनीलगत पानांचा झुपका करून बसून राहतं आणि शेंडा कोवळा असतानाच मावा येतो.

पलीकडच्या रानात तो आलेलाच होता. काळ्या किडीने शेंडे भरलेले, पानं चिकट्याने चकाकत होती. "आधी बांधाकडच्या वळी बघायच्या," अलीकडचे आबा म्हणाले. मावा कडेनेच शिरतो. तिथंच वेळेवर फवारलं तर पुष्कळदा सगळं रान फवारावं लागत नाही.

मग विहिरीचं पाणी? ते दिलं होतं, पण रान भेगाळल्यावर. पाणी भेगांतून किती आत गेलं याचा अंदाजच लागला नाही. सखल भागात ते साचलं, मुळं गुदमरली आणि तिथली झाडं उभ्या उभ्या वाळली. एकच पाणी हाताशी असेल तर ते पेरणीनंतर 30 ते 35 दिवसांनी, भेगा पडायच्या आत, हलकं द्यावं. दुसरं जमलं तर फुलोऱ्याच्या सुमारास. जास्त पाणी म्हणजे जास्त पीक हा उसाच्या पट्ट्यातला हिशेब इथं आणला की करडई मर रोगाने उत्तर देते. माझ्या मते या पिकात विहिरीपेक्षा पेरणीची तारीख मोठी.

उशिराचा भुर्दंड काढणीतही बसतो. करडईचे काटे दवाने नरम असतात तोवर, म्हणजे पहाटेच, कापणी उरकायची असते. उशिराचं पीक मार्चच्या उन्हात सापडतं, दव कमी होत जातं, आणि त्या काट्यांत हात घालायला मजूर रोज वाढवून मागतात.