उन्हाळ्यात पाणी न मागणारा पेव

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत आता ठिकठिकाणी बंगले आणि फार्महाऊस दिसतात. पावसाळा लागला की त्यांच्या आवारात हिरवळीचे गालिचे अंथरले जातात, शोभेचे पाम आणि अँथुरियमच्या कुंड्या येतात. गणपतीपर्यंत सगळे टवटवीत असते. एप्रिल उजाडला की त्याच झाडांना रोज पाणी द्यावे लागते, आणि त्याच एप्रिलमध्ये शहापूरच्या पाड्यांवर बायका टँकरची वाट पाहत हंडे मांडून बसलेल्या असतात. तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी देत आहे. मोडकसागर आणि भातसाही याच भागातले. ज्या मातीतून शहराला पाणी जाते तिथल्या लोकांना उन्हाळ्यात टँकर लागतो, हे रोज डोळ्यांसमोर असताना बागेसाठी झाड निवडायचे तर पहिला प्रश्न उन्हाळ्याचाच हवा.

मला या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर वाटतो तो इथलाच पेव. माहुलीच्या पायथ्याच्या जंगलात, माळशेजखालच्या ओहोळांच्या काठाने, ऐन-सागाच्या सावलीत पावसाळ्यात तो कमरेपासून डोक्याइतका उंच होतो. त्याचा दांडा सरळ वाढत नाही, किंचित पिळा घेत वर चढतो, आणि पाने त्याच्याभोवती गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखी लागतात. दांड्याच्या टोकाला लालसर खवल्यांचे कणीस येते आणि त्यातून एकेक पांढरे फूल बाहेर पडते. फूल एकच दिवस टिकते, पण कणसातून रोज नवे येत राहते, त्यामुळे बहर बरेच आठवडे चालतो. जी मोठी, चुणीदार, मध्यभागी पिवळसर पाकळी आपल्याला दिसते ती खरी पाकळी नव्हेच. वांझ पुंकेसर एकमेकांना जुळून ती बनलेली असते. खवल्यांवर मधाचे थेंब सुटतात, त्यांच्यासाठी मुंग्या कणसावर राबता ठेवतात आणि कोवळ्या बियांना पोखरणाऱ्या किड्यांना दूर ठेवतात. मुंग्या दिसल्या म्हणून फवारणी करू नका.

पेवचे शास्त्रीय नाव हेलेनिया स्पेसिओसा. जुन्या पुस्तकांत कॉस्टस स्पेसिओसस असे सापडेल. त्याच्या कंदात डायोस्जेनिन असते, ज्यापासून स्टिरॉइड औषधे बनवता येतात. कंदांना मागणी असल्यामुळेच जंगलातला पेव काळजीने पाहायला हवा. आदिवासी घरांत कोवळ्या पानांची रानभाजी होते ती गोष्ट वेगळी. पाने खुडल्याने कंद मरत नाही, उपटल्याने मरतो. तानसा अभयारण्यातून परवानगीशिवाय वनस्पती उपटून आणायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे, आणि अभयारण्याबाहेरच्या रानालाही तीच शिस्त लावली पाहिजे.

गंमत अशी की उपटायची गरजच नाही. शेजारच्या आवारातल्या पेवचा एक दांडा मागून घ्या. त्याचे दोन-तीन पेरांचे तुकडे करून ओल्या वाळूत आडवे ठेवा आणि वाळू ओली राहू द्या. काही आठवड्यांत पेरांतून कोंब आणि मुळे फुटतात. ज्यांच्याकडे जुनी जाळी आहे त्यांनी मेअखेरीस कंद खणून, प्रत्येक तुकड्यावर निदान एक डोळा ठेवून वाटून घ्यावा. लावायची वेळ मृगाची. कंद जमिनीत बोटभर खोल, आडवा, दोन-अडीच फूट अंतराने. माती मुरमाड असली तरी चालते, पण कुजलेले शेणखत आणि पालापाचोळा भरपूर मिसळा. पूर्ण काळोखी जागा मात्र टाळा. सकाळचे कोवळे ऊन किंवा झाडाखालचे चाळलेले ऊन मिळाले तर फुले नीट येतात. दुपारच्या कडक उन्हात पाने करपतात. आंबा, जांभूळ किंवा घराची पूर्वेची भिंत, याच त्याच्या जागा.

पावसात गोगलगाई पाने खातात. सकाळी हाताने वेचल्या तरी पुरते. दसऱ्यानंतर पाने पिवळी पडू लागतात आणि थंडीत दांडे वाळतात. इथेच नवखा माळी घाबरून पाणी ओततो. झोपलेल्या कंदाला ओल सोसत नाही, तो कुजतो. वाळलेले दांडे जमिनीलगत कापा, त्यांचाच पालापाचोळा वर पसरा आणि मे संपेपर्यंत त्या वाफ्याकडे पाणी घेऊन जाऊ नका. पहिल्या सरीनंतर कोंब आपोआप वर येतात.

पेव एकटा उदास वाटत असेल तर त्याच्या पायाशी रानहळद लावा. तीही पावसात फुलते आणि उन्हाळ्यात कंदात जाऊन बसते. सोनटक्का सुगंधी खरा, पण त्याला ओल जास्त लागते, म्हणून तो न्हाणीघराच्या सांडपाण्याजवळच शोभतो.

शहापूर-मुरबाडात घर बांधणाऱ्यांना एवढीच विनंती: निम्मे आवार तरी इथल्या कंदांना द्या, आणि त्यामुळे वाचलेले विहिरीचे पाणी एप्रिल-मेमध्ये शेजारच्या पाड्याला भरू द्या.