विजेचा छोटा हत्ती हमरस्त्यावर कितपत धावेल?



गाळप हंगाम सुरू झाला की गट कार्यालयात ऊसतोडीच्या तारखांशिवाय दुसरा विषय निघत नाही. पण अलीकडे तारीख विचारून झाली की एखादा सभासद हळूच म्हणतो, "साहेब, पोरगं विजेचा छोटा हत्ती घ्यायचं म्हणतंय. हायवेला पळंल का तो?" घरचा कांदा घोडेगावला किंवा नेप्तीला न्यायचा, पेरू राहात्याला न्यायचा, आणि मधल्या दिवसांत भाडं मारायचं, असा हिशेब असतो. प्रश्न रास्त आहे. घरातले सहा-सात लाख त्यात घालायचे, आणि गाडीवर बसणार आपलाच मुलगा.

आधी गाडी पाहू. टाटा कंपनीने २००५ साली एस ही गाडी काढली आणि लोकांनी तिला छोटा हत्ती केले. तिचे डिझेल इंजिन होते अवघे १६ अश्वशक्तीचे. २०२२ साली त्याच नावाची विजेवर चालणारी गाडी आली, तिची मोटार २७ किलोवॅटची, म्हणजे सुमारे ३६ अश्वशक्तीची. जून २०२५ मध्ये एस प्रो ही लहान गाडी आली. तिच्या विजेच्या प्रकाराची किंमत तेव्हा साडेसहा लाखांपासून होती, माल साडेसातशे किलो, बॅटरी १४.४ युनिटची आणि एका चार्जिंगवर १५५ किलोमीटर असे कंपनीने जाहीर केले. हा आकडा भरल्या गाडीने आपल्या रस्त्यावर मिळेल असे धरू नये. मी तर शंभरच धरीन.

आता वेग घेण्याची गोष्ट. ड्रायव्हर मंडळी त्याला पिकअप म्हणतात. मराठीत उचल म्हणता येईल, पण आपल्याकडे उचल म्हटले की मुकादमच आठवतो, म्हणून पिकअपच बरा. डिझेल इंजिनाला जोर यायला आधी फेरे वाढावे लागतात, मग क्लच, मग गिअर. विजेच्या मोटारीला पहिल्या फेऱ्यालाच पुरा जोर असतो आणि गिअर बदलण्यात वेळ जात नाही. म्हणून जागेवरून सुटताना ही गाडी जुन्या छोट्या हत्तीला सहज मागे टाकते. मात्र वेग वाढला की मोटारीचा जोर उतरू लागतो. शेतात पहिले दोन तास भराभर चालणारा आणि दुपारी मंदावणारा गडी असतो, तसे.

हिशेब करू. गाडी आणि माल मिळून १,८०० किलो धरा. एवढे वजन शून्यावरून ताशी ६० वर न्यायला २७ किलोवॅटच्या मोटारीला, काहीच वाया गेले नाही तरी, नऊ सेकंद लागतात. प्रत्यक्षात पंधरा धरावेत. त्याच वजनाला १६ अश्वशक्तीच्या इंजिनाला एकवीस सेकंद, आणि गिअर बदलण्याचा वेळ वेगळा. म्हणजे तुलनेत गाडी मागे नाही, पुढेच आहे.

पण नगर-मनमाड रस्त्यावर तुलना छोट्या हत्तीशी होत नाही, मागून ८० च्या वेगाने येणाऱ्या ट्रकशी होते. वस्तीच्या रस्त्याने येऊन तुम्ही हमरस्त्याला लागलात. पंधरा सेकंदांत तुम्ही दीडशे मीटर गेलात. तेवढ्यात तो ट्रक ३३० मीटर आला. म्हणजे मागे निदान दोनशे मीटर रस्ता मोकळा हवा, आणि तरीही त्याचा वेग तुमच्यापेक्षा वीसने जास्तच.

ओलांडून जाणे याहून अवघड. हंगामात पुढे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर ताशी २० ने चाललेला असतो. त्याच्या मागून वेग घेऊन पुढे निघायला नऊ-दहा सेकंद लागतात. तेवढ्यात समोरची गाडी दोनशे मीटर जवळ येते आणि आपण स्वतः नव्वद मीटर जातो. तीनशे मीटर रस्ता स्वच्छ दिसत असेल तरच बाहेर निघायचे, नाहीतर ट्रॉलीमागे बसून राहायचे. रात्री तर हा विचारच नको, कारण (हे आपल्याच वाहनधारकांना सांगतो) ट्रॉलीला मागे लाल परावर्तक लावायला अजून कित्येकजण कंटाळा करतात.

घाटाची भीती मात्र काढून टाका. शंभर फुटाला पाच फूट चढ असेल तर हे वजन ताशी ४० ने चढवायला साधारण १३ किलोवॅट लागतात. विजेची गाडी ते आरामात देते. जुने इंजिन तिथे धापा टाकते. करंजीचा घाट उतरताना तर थोडी वीज बॅटरीत परत येते.

खरी अडचण वरच्या वेगाची आहे. २०२२ च्या गाडीचा कमाल वेगच ताशी ६० होता. समृद्धी महामार्गावर मालगाड्यांना ८० ची मर्यादा आहे, तिथे साठने चालणारी गाडी इतरांच्या वाटेतला दगड ठरते. तेव्हा पत्रकातला कमाल वेगाचा आकडा वाचल्याशिवाय बयाणा देऊ नका. माझे मत विचाराल तर तालुक्याचा बाजार, दूध, खते, किराणा, दिवसाला ऐंशी-नव्वद किलोमीटर, यासाठी गाडी चांगली. रोज पुण्याला भाजी न्यायची तर नको. नगरहून पुणे एका बाजूनेच १२० किलोमीटर आहे.

आणि ओव्हरलोड! पन्नास किलोच्या पंधरा गोण्या म्हणजे साडेसातशे किलो झाले. आपण पंचवीस टाकतो. मग वर सांगितलेले सगळे सेकंद आणि मीटर वाढतात, ब्रेकही उशिरा लागतो, आणि बॅटरी वाटेत संपते.

खर्चाचे पाहा. युनिट दहा रुपयांनी धरले तरी पूर्ण चार्जिंग दीडशे-एकशेसाठ रुपयांत होते. पण चार्जिंग घरगुती मीटरवर करावे, शेतीपंपाच्या जोडणीवर नाही. राज्याच्या २०२५ च्या धोरणात अशा मालवाहू गाड्यांना सवलत आहे. ती किती आणि कोणाच्या हाती पडणार, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. टोलमाफीच्या भरवशावर राहू नका. ऑगस्ट २०२५ ची टोलमाफी प्रवासी गाड्या आणि बस यांना मिळाली, मालगाड्यांना नाही.

गाडी पाहायला जाताना रिकामी चालवून येऊ नका. वजनकाट्यावर पुरा माल भरून घ्या, बॅटरी पाव राहिलेली असताना चढावर न्या, आणि शून्यावरून साठला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजा. विक्रेता नको म्हणाला, तर दुसरीकडे जा.