भंगाराच्या वाटेवरून परतणारी मोटार

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ हे गाव समर्थ रामदासांचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. त्याच जिल्ह्याचे मुख्य शहर मात्र आज पोलादाच्या सळयांसाठी ओळखले जाते. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत विजेच्या प्रवर्तनाने तापणाऱ्या भट्ट्यांमध्ये, म्हणजे इंडक्शन फर्नेसमध्ये, भंगार वितळवून त्याच्या सळया बनवल्या जातात आणि मोडीत निघालेल्या असंख्य वाहनांच्या पत्र्याची अखेर अशाच भट्ट्यांत होते. नादुरुस्त वाहनाच्या बाबतीत हा न्याय योग्यच आहे, कारण लोखंडाचा पुनर्वापर ही समाजाची गरज आहे. परंतु काही मोटारी अशा असतात की त्यांच्या लोखंडाची किंमत त्यांच्या घडणीच्या किमतीपुढे नगण्य ठरते, आणि एकदा वितळल्यानंतर ती घडण पुन्हा कोणत्याही उपायाने मिळत नाही. अशी उपेक्षित मोटार शोधून, तिचा प्रत्येक भाग तपासून, शक्य तितक्या मूळ रूपात तिला पुन्हा चालती करणे या कामास पुनरुज्जीवन किंवा रोजच्या व्यवहारात रिस्टोरेशन म्हणतात. दुरुस्तीचा हेतू गाडी चालावी एवढाच असतो. पुनरुज्जीवनात गाडी मुळात जशी होती तशी चालावी अशी अट असते, आणि सारी अवघड कामे या अटीतूनच निर्माण होतात.

जुन्या मोटारींमध्ये स्पोर्ट्स कार हा प्रकार वेगळा काढावा लागतो. दोन माणसांपुरती बैठक, हलका सांगाडा, उघडता येणारे छत, आकाराच्या मानाने चपळ इंजिन आणि रस्त्याची जाणीव चालकाच्या हातापर्यंत पोचवणारे स्टिअरिंग ही तिची लक्षणे होत. तरुणपणी जे. आर. डी. टाटा यांच्याकडे बुगाटी ही फ्रेंच बनावटीची वेगवान मोटार होती हे सर्वश्रुत आहे. स्वातंत्र्यानंतरच्या काळात जुहूच्या विमानतळाच्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती भरत, आणि त्या पिढीतील हौशी चालकांच्या मनात एमजी या इंग्रजी बनावटीच्या छोट्या उघड्या मोटारीने घर केले. इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९४५ ते १९४९ या काळात तयार झालेली एमजी टीसी हा या प्रकाराचा नमुना मानता येईल. सुमारे १०,००० गाड्यांच्या या मालिकेत १२५० घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर, १९ इंचांची तारांची चाके आणि पुढे आडवी पाडता येणारी काच होती. इंजिनाची शक्ती अवघी ५४ अश्वशक्ती होती, आजच्या साध्या कौटुंबिक गाडीपेक्षाही कमी. पण गाडीचे वजन ८०० किलोच्या आत असल्याने ती पुरेशी होती.

अशा मोटारी भारतात उपेक्षित का झाल्या, याचे उत्तर मालकांच्या आळसात शोधणे अन्यायाचे होईल. शिवडी येथे १९२८ साली जनरल मोटर्सने मोटारी जुळवण्याचा कारखाना सुरू केला होता. परंतु १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर, देशातच टप्प्याटप्प्याने सुटे भाग बनवण्याची तयारी नसलेल्या कंपन्यांना येथे स्थान उरले नाही आणि जनरल मोटर्सने १९५४ मध्ये काम आवरले. परदेशी गाड्यांची व सुट्या भागांची आयात आवळली गेली. ज्याच्याकडे इंग्रजी किंवा इटालियन स्पोर्ट्स कार होती त्याला साधा गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधील सांधा बंद करणारा पातळ थर, मिळेनासा झाला. अशा वेळी गाडी वाचवली ती गॅरेजमधल्या मिस्त्रींनी. कार्ब्युरेटर दुसऱ्या गाडीचा, दिवे ट्रकचे, ब्रेकचे सिलिंडर जीपचे, आणि सगळेच थकले की इंजिन अँबॅसेडरचे किंवा फियाटचे, अशी जुळणी करून त्यांनी गाडी रस्त्यावर ठेवली. जेव्हा तीही शक्य राहिली नाही तेव्हा गाडी वाड्याच्या मागे, गोठ्याच्या कडेला किंवा बंद गॅरेजात उभी राहिली आणि एका पिढीचे दुर्लक्ष दुसऱ्या पिढीकडे वारशाने आले.

एमजीच्या पुढच्या एका गाडीच्या बाबतीत इतिहासाने भारतीय कारागिरांना अनपेक्षित मदत केली आहे. १९५५ साली आलेल्या एमजीए या मोटारीचे १४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज या कुळातले होते, आणि त्याच कुळातले, त्याच क्षमतेचे इंजिन हिंदुस्तान मोटर्सच्या अँबॅसेडरमध्ये अनेक वर्षे बसवले गेले. अँबॅसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले असले तरी तिचे भाग अजून जुन्या बाजारात सापडतात, म्हणून एमजीएच्या इंजिनाचे अनेक भाग मुंबईतील कुर्ल्याच्या भंगार बाजारात शोधणे अगदीच निष्फळ ठरत नाही. टीसीच्या मालकाला मात्र असा आधार नाही. त्याला परदेशातून भाग मागवावे लागतात किंवा येथे घडवून घ्यावे लागतात.

पुनरुज्जीवनाचे पहिले काम हत्याराचे नसून कागदाचे आणि कॅमेऱ्याचे असते. चॅसिसवर, म्हणजे गाडीचा सगळा भार पेलणाऱ्या पोलादी चौकटीवर, ठोकलेला क्रमांक आणि इंजिनावरचा क्रमांक आरसी बुकातल्या नोंदीशी जुळतो का, हे आधी पाहावे लागते, कारण नंतर नोंदणीच्या वेळी सारा प्रश्न तेथेच येऊन थांबतो. त्यानंतर प्रत्येक भाग काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घेऊन, नट-बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत लेबलासह ठेवले जातात. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीला बॅटरी जोडून स्टार्टर मारून पाहण्याचा मोह या टप्प्यावर सर्वांत घातक ठरतो. सिलिंडरात गंज धरून पिस्टन अडकलेला असेल, तर जोर लावताच पिस्टनच्या रिंगा तुटतात किंवा सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे उमटतात. म्हणून स्पार्क प्लग काढून त्या छिद्रांतून पातळ तेल सोडायचे, दिवसेंदिवस मुरू द्यायचे आणि मग हाताने इंजिन हळूहळू फिरवून पाहायचे, हीच जाणत्या मिस्त्रींची पद्धत आहे.

इंजिन उघडल्यावर लेथ कारखान्याचे काम सुरू होते. झिजलेले सिलिंडर मोठ्या मापाचे करून घेणे म्हणजे रिबोअर, आणि क्रँक शाफ्टच्या घासलेल्या गळ्या गोल करणे म्हणजे क्रँक ग्राइंडिंग. मराठवाड्यात ट्रॅक्टर आणि पाणी उपसणाऱ्या इंजिनांमुळे या कामांचे जाणकार तालुक्याच्या गावीही भेटतात. टीसीच्या इंजिनाने मात्र अनुभवी फिटरलाही पेचात टाकावे अशी एक गोष्ट जपली आहे. मॉरिस कंपनीने १९२३ मध्ये हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्री येथील कारखाना विकत घेतला, त्यातली यंत्रे मेट्रिक मापाची होती, आणि म्हणून त्या परंपरेतील इंजिनांच्या, म्हणजे टीसीच्या इंजिनाच्याही, बोल्टांचे आटे मेट्रिक राहिले, पण त्यांची डोकी इंग्लंडमधल्या पान्यांना लागावीत म्हणून व्हिटवर्थ या इंग्रजी मापाची केली गेली. शिवाय हे आटे बारीक आहेत: ८ मिलिमीटरच्या बोल्टाला दोन आट्यांमधले अंतर १ मिलिमीटर, तर बाजारातील साध्या बोल्टाला १.२५ मिलिमीटर. हे ठाऊक नसलेल्या हाताने बाजारातला बोल्ट जोराने पिळला, तर पाऊणशे वर्षांचा ब्लॉक कायमचा नासतो. या माहितीशिवाय इंजिनाला हात लावू नये, असे येथे ठामपणे म्हणावेसे वाटते.

इंधनही बदलले आहे. देशभर २००० सालापासून शिसेविरहित पेट्रोल आले. पूर्वीच्या पेट्रोलमधील शिसे व्हॉल्व्हच्या बैठकीवर संरक्षक थर धरत असे. तो थर गेल्याने मऊ ओतीव लोखंडाच्या बैठका झिजतात, म्हणून त्या कोरून कठीण धातूच्या कड्या बसवाव्या लागतात. पेट्रोलमध्ये आता मिसळले जाणारे इथेनॉल हवेतील पाणी ओढते आणि जुन्या रबराच्या नळ्या फुगवते. त्यामुळे बाहेरून मूळ दिसणारी पण आतून इथेनॉल सहन करणारी नळी वापरणे ही तडजोड नव्हे, सुरक्षिततेची किमान पायरी आहे.

जो भाग मिळत नाही तो ओतून घ्यावा लागतो आणि येथे महाराष्ट्राचे सामर्थ्य दिसते. कोल्हापूरच्या फाउंड्रींमध्ये वाळूच्या साच्यात ओतकाम करण्याचे कौशल्य अनेक पिढ्यांचे आहे. तडकलेला मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातील धूर गोळा करून नळीकडे नेणारा ओतीव भाग, तसाच साच्यासाठी वापरला तर नवा भाग लहान निघतो, कारण ओतीव लोखंड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते. म्हणून पॅटर्न, म्हणजे साचा उठवण्यासाठीचा लाकडी नमुना, तेवढ्या प्रमाणात मोठा करून घ्यावा लागतो आणि जेथे लेथवर काम व्हायचे तेथे जादा जाडी सोडावी लागते. पॅटर्न करणारा सुतार आणि लेथवरचा टर्नर यांच्यातले हे संभाषण जमले नाही, तर महिन्याभराचे काम पुन्हा भट्टीत जाते.

बॉडीचे काम त्याहून नाजूक असते. टीसीची बॉडी पोलादी पत्र्याची दिसते, पण तो पत्रा ॲश या इंग्रजी लाकडाच्या सांगाड्यावर खिळ्यांनी बसवलेला असतो. कोकणातील दमट हवेत पत्रा आधी जातो. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत गंज सावकाश चढतो, मात्र लाकूड आकसते, सांधे सैलावतात आणि वाळवी आतून सांगाडा पोखरत असताना बाहेरचा रंग शाबूत दिसतो. दरवाजा उघडताना किंचित खाली झुकला, तर बहुधा बिजागरीचा दोष नसतो, आतले लाकूड गेलेले असते. भारतीय सुतारांनी ॲशच्या जागी बऱ्याचदा साग वापरला. साग वाळवीला पुरून उरतो, पण ॲशइतका लवचीक नसल्याने खड्ड्यांच्या धक्क्यांत सांध्याजवळ चिरतो. पत्र्यावरचा जुना रंग उतरवला की लांबीचे, म्हणजे खड्डे बुजवणाऱ्या पुट्टीचे, थर दिसतात. चांगला डेंटर पत्रा हातोडी आणि डॉलीने, म्हणजे मागून आधार देणाऱ्या पोलादी ठोकळ्याने, मूळ वळणावर आणतो आणि लांबी अगदी पातळ ठेवतो. जाड लांबीवर चढवलेला चकचकीत रंग ही पुनरुज्जीवनातील सर्वांत मोठी फसवणूक आहे, कारण तिच्याखाली गंज निर्वेधपणे वाढत राहतो.

मूळपणा म्हणजे नेमके काय, हा वाद येथूनच सुरू होतो. जुन्या वाहनांच्या जतनासाठी १९६६ मध्ये स्थापन झालेल्या फिवा या आंतरराष्ट्रीय महासंघाने तयार केलेली तुरिन सनद असे सुचवते की वाहनाचा इतिहास पुसू नये, हस्तक्षेप शक्य तितका कमी करावा आणि केलेला प्रत्येक बदल नोंदवून ठेवावा. भारतीय गाडीला हा विचार लावला तर एक अवघड प्रश्न समोर येतो. १९६० च्या दशकात एखाद्या मिस्त्रीने पितळेतून हाताने घडवलेला भाग काढून परदेशातून आलेला नवा भाग बसवणे म्हणजे मूळपणाकडे जाणे, की गाडीच्या येथील आयुष्याचा पुरावा नष्ट करणे? ब्रेक, स्टिअरिंग आणि इंधनाच्या नळ्या यांत तडजोड चालत नाही, तेथे सुरक्षित भागच हवा. परंतु डॅशबोर्डवरची देशी कळ, सुबक बसवलेला हूडचा सांगाडा किंवा नीट चालणारा घरगुती पंप जपून ठेवणे अधिक न्याय्य आहे, कारण आयातबंदीच्या काळात ही गाडी जिवंत राहिली ती याच हातांमुळे. अँबॅसेडरचे इंजिन बसवलेली टीसी मात्र वेगळ्या न्यायाने पाहावी लागते, कारण तेथे प्रश्न कायद्याचाही आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, व्यापारी वापरात नसलेली दुचाकी व चारचाकी वाहने विंटेज मानली जातात. अट अशी की वाहन मूळ रूपात असावे आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो; नव्या नोंदणीसाठी राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए ही अक्षरे असलेली मालिका आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे चालते, नूतनीकरणास ५,००० रुपये लागतात. अशी गाडी रोजच्या किंवा व्यापारी वापरासाठी नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. मूळ इंजिन कोपऱ्यात पडलेले असेल तर ते भंगारात देऊ नये, हा सल्ला म्हणूनच कोणत्याही रंगकामाच्या आधी द्यावा लागतो: इंजिनाचा तो ब्लॉक तडकलेला असला तरी मेटल स्टिचिंग या पद्धतीने, म्हणजे उष्णता न देता तड्याच्या रेषेवर धातूच्या कळा बसवून, तो अनेकदा पुन्हा कामाचा करता येतो, आणि त्याच्यावरचा क्रमांक दुसऱ्या कोणत्याही ब्लॉकवर सापडणार नसतो.