मामूंच्या बनियनवरचा डाग

आमचे मामू बासष्ट वर्षांचे. कपडे धुताना त्यांच्या बनियनवर डाव्या बाजूला रक्ताचा बारीक ठिपका मामींना पुन्हा पुन्हा दिसायचा. विचारले की मामू म्हणायचे, खाजवताना नख लागले असेल. स्तनाग्राखाली बोराच्या बीएवढी टणक गाठ होती. दुखत नव्हती, म्हणून आठ महिने त्यांनी ती कुणाला सांगितलीच नाही. "बायकांच्या जागचं दुखणं, डॉक्टरला काय सांगू?" असे ते नंतर आम्हाला म्हणाले.

प्रसिद्ध गायिका बियॉन्से हिचे वडील मॅथ्यू नोल्स यांनाही आधी सदऱ्यावर असाच ठिपका दिसला होता. तपासणीत कर्करोग निघाला. २०१९ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर ते उघडपणे सांगितले. मामूंना हे आम्ही मोबाईलवर दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

स्तनातील पेशी पुरुषालाही असतात, थोड्या असतात इतकेच. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत साधारण एक पुरुष असतो, आणि बहुधा तो साठीच्या पुढचा असतो. वयात येणाऱ्या मुलांची छाती कधी कधी फुगते, तो कर्करोग नव्हे. त्यांना चिडवू नका, एवढेच. पण टणक गाठ, आत ओढले गेलेले स्तनाग्र, रक्त किंवा पाणी येणे, न भरणारी जखम, काखेत गाठ यांपैकी काहीही दिसले तर मलम लावत बसू नये. सोनोग्राफी, मॅमोग्राफी (हो, पुरुषाचीही होते) आणि गाठीचा तुकडा काढून तपासणी, एवढ्यावर निदान होते.

लठ्ठपणा आणि यकृताचा सिरोसिस यांत पुरुषाच्या शरीरातही इस्ट्रोजेन वाढते, त्यामुळे धोका वाढतो. पूर्वी छातीवर किरणोपचार झाले असतील किंवा जन्मतः एक जादा एक्स गुणसूत्र असेल, तरीही. पण सर्वांत महत्त्वाचा आहे घराण्याचा इतिहास. मामूंची आई, म्हणजे आमची नानी, स्तनाच्या कर्करोगानेच गेली होती. तो बायकांचा विषय म्हणून मामूंनी स्वतःशी कधी जोडलाच नाही.

शस्त्रक्रियेत सहसा पूर्ण स्तन काढतात आणि काखेतील ग्रंथी तपासतात. गरजेप्रमाणे केमोथेरपी, किरणोपचार देतात. दहापैकी नऊ पुरुषांची गाठ इस्ट्रोजेनवर वाढणारी असते, म्हणून टॅमॉक्सिफेनची गोळी रोज, निदान पाच वर्षे घ्यावी लागते. या गोळीने अंगातून वाफा येतात, क्वचित पायात रक्ताची गुठळी होते, काहींची कामेच्छा कमी होते. या शेवटच्या कारणाने पुरुष गुपचूप गोळी सोडतात. मामूंनीही दोन महिने सोडली होती. मामींनी रिकामी न झालेली पाकिटे मोजली, तेव्हा कळले.

मामूंच्या रक्ततपासणीत बीआरसीए-२ या जनुकातला दोष निघाला. तो प्रत्येक अपत्यात, मुलगा असो वा मुलगी, उतरण्याची शक्यता निम्मी असते. थोरल्या मुलाने तपासून घेतले. त्याच्यात दोष नाही. धाकटीचे लग्न ठरत आले आहे. मामी म्हणतात, निकाह होऊ दे, मग बघू. आता बोभाटा झाला तर स्थळ जाईल. आम्ही म्हणालो, मामी, नानीचं कुणी बोललं असतं तर मामू आठ महिने थांबले असते का? मामींनी उत्तर दिले नाही. परवा मात्र धाकटीचाच फोन आला. तपासणीला उपाशी पोटी जावे लागते का, एवढेच तिने विचारले. लागत नाही, असे आम्ही सांगितले.