छातीतील पाणी ओसरल्यानंतर

क्षयरोग्याला कोरड्या हवेच्या ठिकाणी न्यावे, विश्रांती व सकस आहार द्यावा आणि उरलेले दैवावर सोपवावे, याखेरीज इलाज नव्हता त्या काळी नाशिकजवळच्या देवळालीस हवापालटासाठी माणसे येत. पुढे औषधे निघाली, आणि नियमित औषध घेणारा रोगी दाटीवाटीच्या घरातही आरोग्यधामातल्याइतकाच बरा होतो, हे मद्रासच्या संशोधनाने १९५९ साली दाखवून दिले. मात्र रोग हटणे आणि श्वास पूर्ववत होणे या गोष्टी एकाच दिवशी घडत नाहीत. फुप्फुसावरणाच्या क्षयात तर हे अंतर विशेष जाणवते.

निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेत राबणारा एखादा तरुण कुशीत कळ येते, संध्याकाळी कसकस वाटते आणि चार पायऱ्यांत दम लागतो म्हणून इस्पितळात येतो, तेव्हा क्ष-किरण चित्रात छातीची एक बाजू तळापासून पांढरी दिसते. हे पाणी फुप्फुसात नसून त्याच्याभोवतीच्या दोन पातळ पापुद्र्यांमध्ये साचलेले असते. एरवी तेथे दोन-चार चमचे द्रव असतो, तो वाढून कधी लिटरभर होतो आणि फुप्फुस दबते. जंतू त्यात थोडेच असतात. त्यांच्याविरुद्ध शरीरात उसळलेल्या दाहानेच पाणी झरते.

सुईने ते पिवळसर पाणी काढले, आणि तेही एका वेळी लिटर-दीड लिटरच, कारण दबलेले फुप्फुस एकाएकी फुलल्यास त्यालाच सूज येण्याचा धोका असतो, की रोग्यास तत्काळ हलके वाटते. खरी खबरदारी येथूनच घ्यावयाची. क्षयाच्या गोळ्यांची मुदत सहा महिन्यांची आहे, आणि ती अर्ध्यावर सोडणाऱ्याला क्षय पुढे पुन्हा गाठू शकतो.

श्वासाची भरपाई सुरुवातीच्या महिन्यांत झपाट्याने आणि नंतर संथपणे होते. नाकाला चिमटा, तोंडात नळी, ‘अजून फुंका, अजून’ असा तंत्रज्ञाचा आग्रह, आणि यंत्रावर उमटणारा लिटरांचा आकडा: हे मोजमाप आरंभी, मध्ये आणि अखेरीस रीतसर नोंदले जावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. पाणी शोषले गेले तरी काहींच्या आवरणावर जाड थर राहतो व छाती पुरती फुलत नाही. स्टेरॉइडने ताप-कळ लवकर शमली, तरी अखेरची श्वसनक्षमता त्याने वाढते असे सिद्ध झालेले नाही. असा थर राहिल्यास दीर्घ श्वसनाचे व्यायाम करून घ्यावेत, आणि थर फारच आवळून बसला असेल, तर तो शस्त्रक्रियेने सोलून काढण्याचा विचार छातीच्या शल्यवैद्यांकडे न्यावा.